नळाचं पाणी आणि शिंपल्यांचा पहारा

गेल्या उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती. पत्नीला तेव्हा सातवा महिना लागला होता. घर डोहाळजेवणाच्या तयारीत गुंतलेलं असताना एका शनिवारी सकाळी पाण्याचे फिल्टर विकणारा एक गृहस्थ दारात उभा राहिला. 'तुमच्या नळाच्या पाण्याची फुकट तपासणी करून देतो' म्हणाला. फुकट म्हटल्यावर आपण मराठी माणसं कुठे नाही म्हणतो? या, बसा, चहा घ्या.

त्याने दोन पेले मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातून काढून आणलेलं. दोन्हीत धातूच्या कांड्या सोडल्या आणि वायर भिंतीतल्या प्लगला लावली. दोन मिनिटांत आमच्या पेल्यातलं पाणी मातकट झालं, वर हिरवट-तपकिरी साय आली. त्याचा पेला मात्र स्वच्छच राहिला. पत्नीचा चेहरा उतरला. यंत्राची किंमत ६,४०० डॉलर, हप्त्याने मिळेल. 'होणाऱ्या बाळासाठी एवढं तर कराल ना?' हे शेवटचं वाक्य त्याने अगदी हळू आवाजात म्हटलं.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहीत असलो तरी डिग्री इंजिनियरिंगची आहे आणि कॉलेजातलं थोडंफार अजून लक्षात आहे. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून त्यातून वीज वाहते, आणि वीज वाहिली की लोखंडाची कांडी झिजून पाण्यात उतरते. वर आलेली साय म्हणजे त्याच्याच कांडीचा गंज. त्याच्या पाण्यात क्षारच नव्हते, त्यामुळे वीजही नाही आणि गंजही नाही. मी मिठाच्या बरणीतलं चिमूटभर मीठ त्याच्या स्वच्छ पेल्यात टाकलं आणि म्हटलं, आता पुन्हा लावा वायर. तो पेला आमच्यापेक्षाही लवकर काळवंडला. गृहस्थाने सामान आवरलं. चहा अर्धाच राहिला.

मी जरा फुशारकीत होतो. तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, तो लबाड होता हे कळलं. पण मग ह्या पाण्यात खरं काय आहे ते बघतं कोण?" मी म्हटलं, कंपनीचा रिपोर्ट येतो दर वर्षी. "त्यात काय असतं?" मी रिपोर्ट शोधून काढला आणि वाचून दाखवला : शिसं, तांबं, नायट्रेट, आर्सेनिक अशी लांबलचक यादी, प्रत्येकापुढे मर्यादा आणि आढळलेलं प्रमाण. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि यादीत नसलेलं काही पाण्यात आलं तर?"

आईचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. वरच्या अंगाला लोटे-परशुरामची रासायनिक वसाहत झाल्यापासून खाडीत मासे मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. तिच्या माहेरच्यांना ते पेपरात वाचावं लागत नसे. मासा उलटा होऊन वर आला की कोळणी त्या दिवशी खाडीत उतरत नसत. बाटल्या घेऊन नमुने न्यायला माणसं यायची ती नंतर, पाणी वाहून गेल्यावर. त्यामुळे आईचा प्रश्न बावळट नव्हता. माझ्याकडे त्याला उत्तर नव्हतं, एवढंच. ते शोधता शोधता जे हाती लागलं आणि माझं जे मत झालं, ते इथे मांडतो आहे.

अमेरिकेतला पिण्याच्या पाण्याचा कायदा १९७४ सालचा. त्याखाली आज नव्वदहून थोड्या अधिक गोष्टींवर मर्यादा आहेत, आणि त्यात जंतूही आले. उलट सरकारी नोंदवहीत नाव असलेली रसायनं आहेत ८६,००० च्या वर, आणि त्यातली सुमारे ४२,००० आजही वापरात आहेत. प्रयोगशाळेतलं यंत्र फार हुशार असतं. एक अब्जात एक भाग, आता तर एक हजार अब्जात एक भाग इतकं सूक्ष्म मोजतं. पण ते साधारणपणे तुम्ही विचारलेल्याचंच उत्तर देतं. शिसं आहे का विचारलं तर शिशाचं सांगेल. न विचारलेल्याबद्दल ते बोलत नाही. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. ज्या चुका आधीच माहीत आहेत त्यांच्यासाठी आपण चाचण्या लिहितो, सगळ्या हिरव्या होतात, आणि प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाऊन कोसळतो तो कोणी कल्पनाही न केलेल्या कारणाने.

ह्याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. आपल्याच राज्यात, ओशन काउंटीमध्ये टॉम्स रिव्हर गाव आहे. १९७१ साली बाउंड ब्रुकच्या युनियन कार्बाइडच्या कारखान्यातली (हो, भोपाळवाली तीच कंपनी) रासायनिक कचऱ्याची हजारो पिंपं एका कंत्राटदाराने तिथल्या राइक फार्म नावाच्या जागेवर नेऊन टाकली. तो कचरा वाळूतून झिरपत गावाला पाणी पुरवणाऱ्या विहिरींपर्यंत पोहोचला. त्या पाण्यात ट्रायक्लोरोएथिलीन सापडलं. ते यादीतलं होतं, म्हणून सापडलं, आणि ते काढण्यासाठी १९८० च्या दशकाच्या शेवटी पाण्यात हवा खेळवणारे मनोरे बसवले गेले. सगळं ठीक झालं असं लोकांना वाटलं. पण गावात लहान मुलांच्या कर्करोगाचं प्रमाण जास्त दिसू लागलं आणि आईबापांनी धोशा लावला. तेव्हा १९९६ साली पुन्हा कसून तपासणी झाली, आणि पाण्यात स्टायरीन-ॲक्रिलोनायट्राइल ट्रायमर नावाचं एक रसायन मिळालं. ते कुठल्याच यादीत नव्हतं, आणि त्या मनोऱ्यांना दाद देणारंही नव्हतं.

इथे मला घाबरवणारं चित्र रंगवायचं नाही, म्हणून पुढचंही सांगतो. २००३ साली पूर्ण झालेल्या सरकारी अभ्यासात, आई गरोदर असताना त्या विहिरींचं पाणी जास्त प्यायली असेल तर तिच्या मुलीला रक्ताचा कर्करोग होण्याशी त्याचा संबंध दिसला. पण मुलांची एकूण संख्या लहान होती आणि मुलग्यांत तो संबंध दिसला नाही. पुढे उंदरांवर त्या ट्रायमरची दीर्घ चाचणी झाली. २०१२ च्या अहवालात त्याने कर्करोग होतो असा पुरावा मिळाला नाही. ६९ कुटुंबांशी कंपन्यांनी २००१ साली तडजोड केली, दोष मान्य न करता. थोडक्यात, ट्रायमर हाच गुन्हेगार असं सिद्ध झालेलं नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. तो पाण्यात होता, आणि पाणी 'पास' होत होतं. सातवा महिना चालू असलेल्या घरात हे वाचताना कसं वाटतं ते मी लिहीत नाही.

दुसरं उदाहरण वेस्ट व्हर्जिनियातलं. ९ जानेवारी २०१४ ला चार्ल्सटन शहराजवळ एल्क नदीच्या काठावरची एक टाकी फुटली आणि कोळसा धुण्याचं एक रसायन, साधारण १०,००० गॅलन, नदीत गेलं. खालच्या अंगाला दीड मैलावर शहराच्या पाण्याचा उपसा होता. तीन लाख माणसांना सांगण्यात आलं की हे पाणी पिऊ नका, त्यात स्वयंपाक करू नका, आंघोळ करू नका. फक्त संडासात ओता आणि आग लागली तर वापरा. असं कित्येक दिवस चाललं. ही गळती कळली कशी? यंत्राने नाही. लोकांना हवेत ज्येष्ठमधाच्या गोळीसारखा वास येऊ लागला आणि त्यांनी फोन केले. ते रसायन मर्यादांच्या यादीत नव्हतंच, आणि माणसावर त्याचा काय परिणाम होतो ह्याची माहितीही फार थोडी होती. नाकाला मात्र रसायनाचं नाव माहीत असावं लागत नाही. काहीतरी बिघडलं आहे एवढं त्याला कळतं, आणि आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे मुद्दाम ठेवलेले जिवंत पहारेकरी. पोलंडची राजधानी वॉर्सा. विस्तुला नदीच्या पात्रात तिथल्या पाणीपुरवठ्याचा एक जुना गोल उपसा आहे. लोक त्याला लाडाने 'जाडी काश्का' म्हणतात. तिथे गोड्या पाण्यातले आठ शिंपले नोकरीला आहेत. आपल्या तिसऱ्यांचेच लांबचे भाऊबंद. शिंपला पाणी गाळून त्यातलं अन्न खातो, म्हणून स्वच्छ पाण्यात तो बहुतेक वेळ तोंड किलकिलं ठेवतो. पाण्यात काही टोचणारं आलं की तो शिंपा मिटून घेतो. प्रत्येकाच्या पाठीवर एक बारीक सेन्सर चिकटवलेला असतो. शिंपा किती उघडा आहे हे तो सतत कॉम्प्युटरला कळवतो. एखाद-दुसऱ्याने तोंड मिटलं तर काही नाही, झोप आली असेल. पण बरेच जण एकदम मिटले की धोक्याची घंटा. तीनेक महिन्यांनी त्यांना पाण्याची सवय होऊन जाते, म्हणून त्यांना जिथून आणलं तिथे परत सोडतात आणि नवी भरती करतात. पेन्शन नाही, पण सुटका होते.

इतक्या लांबही जायला नको. मिनियापोलिसच्या पाणीपुरवठ्याने मिसिसिपीच्या पाण्यावर असेच डझनभर शिंपले बसवले. न्यूयॉर्क शहराने २००१ च्या अकरा सप्टेंबरनंतरच्या काळात ब्लूगिल जातीचे मासे ठेवले. अमेरिकन सैन्याच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या ह्या पद्धतीत आठ मासे वेगवेगळ्या छोट्या कप्प्यांत असतात. त्यांच्या कल्ल्यांच्या हालचालीतून निघणारी अगदी क्षीण वीज पाण्यातले इलेक्ट्रोड टिपतात, आणि श्वास वाढला, माशाला 'खोकला' आला की कॉम्प्युटरला कळतं. पाण्यात डिझेल आलं तेव्हा ह्या माशांनी शहराच्या इतर उपकरणांच्या दोन तास आधी ते सांगितलं, अशी नोंद शहराच्या पाणी खात्यानेच दिली होती. १९८६ च्या १ नोव्हेंबरला बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागून कीटकनाशकं ऱ्हाइन नदीत गेली, नदी लाल झाली, शेकडो किलोमीटरपर्यंतचे वाम मासे मेले. त्यानंतर त्या नदीवरच्या तपासणी केंद्रांत डॅफ्नियाला काम मिळालं. डॅफ्निया म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी पाण्यातली पिसू. अंग इतकं पारदर्शक की सूक्ष्मदर्शकाखाली तिचं हृदय उडताना दिसतं.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. हे सगळं अमेरिकन कायद्याला नवीन नाही. १९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टखाली कारखान्यांना आणि सांडपाण्याच्या केंद्रांना नदीत पाणी सोडायला परमिट लागतं, आणि १९८४ पासूनच्या धोरणाप्रमाणे कित्येक परमिटांत जिवंत प्राण्यांवरची चाचणी सक्तीची असते. त्या सांडपाण्यात पिसवा आणि फॅटहेड मिनो माशाची पिल्लं सोडायची, ४८ तासांत किती मरतात ते मोजायचं. लांबच्या चाचणीत आठवडाभर ठेवायचं, पिसवांना पोरं किती झाली आणि पिल्लं किती वाढली तेही मोजायचं. कुठलं रसायन हा प्रश्न नंतर. आधी जीव जगतो का ते बघा. म्हणजे नदीत जाणारं पाणी जिवंत प्राण्यावर तपासायचं, आणि त्याच नदीतून उपसून आपल्या पेल्यात येणारं पाणी मात्र फक्त यादीवर! मधल्या वेळात नदीत काय पडलं, ह्यासाठी कायद्याने कोणालाही पिसू, मासा किंवा शिंपला ठेवायला लावलेलं नाही. ज्या शहरांनी ठेवले ते आपल्या मर्जीने. आपल्या भागातले कितीतरी लोक रॅरिटन आणि मिलस्टोन नद्यांचं पाणी पितात. रॅरिटनच्या काठी १९८३ पासून सुपरफंडच्या यादीत असलेली अमेरिकन सायनामिडची जागा आहे, जवळून रेल्वे जाते, हायवे जातात. मर्जीवर सोडण्यासारखी ही गोष्ट नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

ह्यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. आईने तर लगेच सुचवलं होतं की एक मासा आणून बादलीत सोड. पण नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानेच मासा मरेल. घरी मत्स्यालय असलेल्यांना हे माहीत आहे. म्हणून पहारा बसवायचा तो उपशावर, शुद्धीकरणाच्या आधी. दुसरं, शिसं बहुधा तुमच्या-आमच्या घराच्या जुन्या नळातून पाण्यात येतं, केंद्रापासून पुढे; तिथे शिंपला काय करणार? तिसरं, पीफास. एप्रिल २०२४ मध्ये ई.पी.ए.ने त्यातल्या दोन मुख्य रसायनांना हजार अब्जात चार भाग अशी मर्यादा घातली. इतक्या कमी प्रमाणाने कुठलाही शिंपला दोन तासांत तोंड मिटत नाही. जे विष वर्षानुवर्षं थेंबाथेंबाने काम करतं त्याला यंत्र आणि यादीच हवी, आणि टॉम्स रिव्हरचा ट्रायमरही ह्याच जातीचा होता हे मला मान्य आहे. तिथे वेगळ्या जैविक चाचण्या उपयोगी पडतात : प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना पाण्याचा अर्क द्यायचा आणि त्या एखाद्या हॉर्मोनसारख्या पदार्थाला प्रतिसाद देतात का ते पाहायचं. सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठी वापरण्याच्या बाबतीत कॅलिफोर्नियाने २०१८ सालच्या धोरणात अशा पेशींच्या चाचण्या घातल्या. म्हणजे अशक्य नाही. एका राज्याने कागदावर आणून दाखवलं आहे.

उरला खोट्या घंटेचा आक्षेप. आमच्या पाणी कंपनीच्या जाहीर बैठकीला मी हिवाळ्यात गेलो होतो. हॉलमध्ये आम्ही मोजून अकरा जण, त्यातले चार कंपनीचेच. मी विचारलं, आपल्या उपशावर जिवंत प्राण्यांची काही व्यवस्था आहे का? अधिकारी सभ्य माणूस होता, टाळाटाळ केली नाही. म्हणाला, नाही, पाणी गढूळ झालं, तापमान बदललं तरी प्राणी घाबरतात, रोज घंटा वाजू लागली तर आमची माणसं तिच्याकडे लक्ष देणं सोडतील, आणि बातमी बाहेर गेली तर लोक घाबरतील. पहिल्या मुद्द्यावर मी त्याच्याशी सहमत आहे. माझ्या ऑफिसात रात्री-बेरात्री वाजणाऱ्या अलार्मपैकी बरेच फुकाचे असतात, आणि अडीच वाजता उठल्यावर ते लिहिणाऱ्याला मी काय काय म्हणतो ते इथे छापण्यासारखं नाही. पण म्हणून आम्ही अलार्म काढून टाकत नाही. तो सुधारतो : एकाऐवजी पाच जण मिटले तरच वाजव, गढूळपणाचं मीटर जोडून बघ, वाजला की आपोआप पाण्याचा नमुना भरून ठेव. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण खाडीवर बाटल्या उशिरा यायच्या त्याचा इलाज तोच आहे. लोक घाबरतील हा मुद्दा मात्र मला अजिबात पटला नाही. लोक आधीच घाबरलेले आहेत. म्हणून तर ६,४०० डॉलरचं यंत्र विकणारा माझ्या दिवाणखान्यात चहा पीत बसला होता.

आणि हे पान पैशाचंही आहे, म्हणून हिशेब. आमच्या एका रस्त्यावर चार मराठी घरांनी ते यंत्र घेतलं आहे. २५,६०० डॉलर झाले. शिवाय दर आठवड्याला बाटल्यांच्या पाण्याचे खोके गाडीत भरणारे निराळे. एवढा पैसा आपण भीतीपोटी, एकेकटे, प्रत्येकजण आपल्यापुरता घालतो. उपशावरचा पहारा हजारो घरांच्या बिलात वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम त्या मानाने किरकोळ असेल. पण त्यासाठी बैठकीला जाऊन तोंड उघडावं लागतं, आणि तिथे आपण नसतो. डॉक्टर, केमिस्ट, इंजिनियर ह्यांनी आपल्या मंडळाची डिरेक्टरी भरलेली आहे. दिवाळीच्या जेवणाच्या मेनूवर दोन तास वाद घालतो आपण. पाण्यावर अर्धा तास?

तोवर घरापुरतं काय करावं असं बरेचजण विचारतात, म्हणून थोडक्यात. वर्षाचा रिपोर्ट कंपनीने १ जुलैपर्यंत द्यायलाच हवा. तो कचऱ्यात टाकू नका. पाणी कुठल्या नदीचं किंवा विहिरीचं आहे हे त्यात पहिल्या पानावर शोधा. फिल्टर घ्यायचाच तर दारात आलेल्या माणसाकडून घेऊ नका, खोक्यावरचा एन.एस.एफ.चा नंबर बघा : ४२ म्हणजे फक्त चव आणि वास, शिशासाठी ५३, रिव्हर्स ऑस्मोसिसला ५८, आणि तुम्हाला नको असलेल्या पदार्थाचं नाव त्या दाखल्यात आहे ना ते वाचा. आम्ही सिंकखाली बसणारा साधा ५३ नंबरचा घेतला. ज्यांच्या घराला स्वतःची विहीर आहे त्यांच्या पाण्याला १९७४ चा कायदा लागूच होत नाही, ती जबाबदारी घरमालकाची. न्यू जर्सीत २००१ च्या कायद्याने घर विकताना विहिरीची तपासणी करावी लागते, पण त्यानंतर वर्षानुवर्षं कोणी विचारत नाही. तुम्हीच करायची.

आई नोव्हेंबरात परत गेली, नातीला न्हाऊ-माखू घालून. मार्च महिन्याच्या बैठकीत मी तोच प्रश्न लेखी दिला आहे : उपशावर शिंपल्यांचं किंवा माशांचं एक केंद्र चाचणी म्हणून वर्षभर चालवायला किती खर्च येईल, तो आकडा कंपनीने जाहीर करावा. त्या पत्रावर सध्या सात सह्या आहेत. गणपतीच्या कार्यक्रमाला मी पुस्तकांच्या स्टॉलशेजारी बसणार आहे. आपापल्या गावचा पाण्याचा रिपोर्ट घेऊन या, बरोबर बसून वाचू. पेन माझ्याकडे असेल.